तांब्याचा बिल्ला

आज अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टन शहराच्या म्युझियममध्ये तांब्याचे छोटे बिल्ले पाहिले. त्यांवर शहराचं नाव, साल, कामाचा प्रकार आणि नंबर. गुलामाला दुसऱ्याकडे मजुरीला धाडायचं तर मालकाने दरवर्षी शहराकडे पैसे भरून बिल्ला घ्यायचा. नोकर, हमाल, कोळी असं सगळं कोरलेलं, फक्त माणसाचं नाव नाही.

तेव्हापासून साउथ कॅरोलायनाचा गुलामांबद्दलचा १७४० चा कायदा डोक्यात घोळतोय. आदल्या वर्षी स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला होता, ढोल वाजवत, निशाणं घेऊन. मग ढोल आणि शिंगांवर बंदी आली. गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला १०० पौंड दंड. बहुतेक गुलामांनी कोणतं कापड घालायचं तेही कायदाच ठरवणार, म्हणजे जाडंभरडं, स्वस्तातलं.

पण मला सगळ्यात जास्त संताप आला तो त्यातल्या ‘दयाळू’ कलमाचा. उन्हाळ्यात दिवसाला १५ तासांहून जास्त काम घेऊ नये, हिवाळ्यात १४. पंधरा तास राबवणं कायदेशीर! आणि मालकाने तेही मोडलं तर? गोऱ्या माणसाविरुद्ध गुलामाची साक्ष कोर्टात चालतच नव्हती. मग हे कलम कोणासाठी लिहिलं होतं? मला तर वाटतं, लिहिणाऱ्यांना रात्री शांत झोप यावी म्हणून.

व्हर्जिनिया या दुसऱ्या वसाहतीने तर त्याआधीच, १६६२ मध्ये, ठरवून टाकलं होतं: आई गुलाम असेल तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. म्हणजे मालकाने जिच्यावर बलात्कार केला, तिचं मूलही त्याच्याच मालमत्तेत जमा.