झांझिबारला जाताय? स्टोन टाउनला निदान दोन रात्री द्या

टांझानियाच्या झांझिबार बेटावर जाणारी आपली बहुतेक मंडळी एअरपोर्टवरून थेट नुंगवीचा बीच गाठतात आणि स्टोन टाउन, म्हणजे तिथलं जुनं गाव, परतताना दोन-तीन तासांत उरकतात. उलट करा. आधी गावात राहा, मग समुद्रावर जा, कारण आपल्या पश्चिम किनाऱ्याशी या बेटाचं किती जुनं नातं आहे ते त्या गल्ल्यांमधून पायी फिरल्याशिवाय कळतच नाही.

ईशान्येचा मोसमी वारा सुटला की कच्छ, गुजरात, अरबस्तानातली गलबतं इकडे यायची आणि वारा फिरला की लवंग, हस्तिदंत भरून परत निघायची. १८४० च्या सुमारास ओमानच्या सुलतानाने मस्कत सोडून राजधानीच इथे आणली. हे सगळं दरवाजांवर दिसतं. भारतीय पद्धतीच्या दारांना पितळेचे जाड टोकदार खिळे, बाजारातल्या गुजराती दुकानांना घडीची दारं, आणि अरबी दारांच्या चौकटीवर साखळीची नक्षी, वर कुराणातल्या ओळी कोरलेल्या. घरं प्रवाळाच्या दगडाची आणि चुन्याची, खोल्या लांबलचक पण अरुंद, कारण छताला तिवराची लाकडं आणि ती जेवढी लांब मिळणार तेवढीच खोलीची रुंदी!

अँग्लिकन चर्च चुकवू नका. १८७३ मध्ये बंद झालेल्या गुलामांच्या बाजाराच्या जागेवर ते बांधलंय. आवारात एका खड्ड्यात गळ्यात साखळी असलेले पाच पुतळे आहेत, तिथे गाइड बोलत असतानाही आम्हाला काही सुचेना. तिथे घाई करू नका.

शांगानी भागात ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचं म्युझियम आहे, गडी जन्मला इथे १९४६ मध्ये आणि शिकला आपल्या पाचगणीला. आणि तारब, म्हणजे इथलं पारंपरिक संगीत, कुठे लागलं तर नक्की बसा, त्यातली थोर गायिका सिती बिंती साद १९२८ मध्ये रेकॉर्डिंगसाठी मुंबईला आली होती.

खायला उरोजो, म्हणजे आंबट पिवळं सूप, त्यात भजी आणि बटाटा, व्हेज असाल तर मांस नको म्हणून आधीच सांगा. संध्याकाळी फोरोधानी बागेत स्टॉल लागतात, तिथे भाव आधी विचारा आणि मासे समोर भाजलेलेच घ्या, आले-लिंबू घातलेला उसाचा रस तर रोज प्या.

आता कामाचं. ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारचा ४४ डॉलरचा इन्शुरन्स सक्तीचा आहे, तुमची नेहमीची ट्रॅव्हल पॉलिसी त्याऐवजी चालत नाही, तेव्हा निघण्याआधी ऑनलाइन काढा. दार-एस-सलामहून फेरीने आलात तरी पासपोर्ट दाखवावा लागतो. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, बॅग भरतानाच काढून टाका. गावात खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला, रमजान असेल तर दिवसा रस्त्यावर खाऊ नका. एप्रिल-मे टाळा, पाऊस फार. नैरोबी किंवा आदिस अबाबावरून जाणार असाल तर यलो फीव्हरची लस निदान दहा दिवस आधी घ्या, सर्टिफिकेट त्यानंतरच लागू होतं.