म्हाताऱ्या ताऱ्यांचे वेग

सोकोरोहून पश्चिमेला निघालं की मॅग्डालेना हे लहानसं गाव लागतं आणि ते ओलांडलं की सॅन ऑगस्टिनचं माळरान. न्यू मेक्सिकोच्या या साधारण २,१०० मीटर उंचीवरच्या कोरड्या पठारावर व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीच्या २७ पांढऱ्या डिश रुळांवरून सरकवता येतात. बघायला येणारे त्यांचे फोटो काढतात. मला मात्र ओढ आहे ती त्यांनी केलेल्या, म्हाताऱ्या ताऱ्यांचे वेग मोजणाऱ्या ‘बाडे’ सर्वेक्षणाची.

सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो आणि अंगावरचा वायू बाहेर सोडू लागतो. ताऱ्यालगतच्या त्या वायूतले सिलिकॉन मोनॉक्साइडचे रेणू ४३ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींना जोर देत जातात. हाच मेसर. आकाशगंगेच्या मध्याकडे इतकी धूळ आहे की साध्या प्रकाशात तिथलं फारसं काही दिसत नाही. या लहरी मात्र धुळीतून आरपार येतात. लहर ठरलेल्या वारंवारितेपासून किती सरकली यावरून तारा आपल्याकडे येतोय की लांब जातोय, आणि किती वेगाने, ते कळतं.

एमएसएक्स उपग्रहाच्या अवरक्त नोंदींतून सुमारे २८,००० तारे निवडले. बरेचसे व्हीएलएने पाहिले, फार दक्षिणेकडचे चिलीतल्या अल्मा या दुर्बिणीने. एकेका ताऱ्याच्या वाट्याला मिनिटभरसुद्धा वेळ नाही! एरवी दुर्बीण जुळवून घ्यायला मध्येमध्ये एखाद्या ओळखीच्या क्वेसारकडे, म्हणजे दूरच्या आकाशगंगेच्या अतितेजस्वी गाभ्याकडे, वळावं लागतं. इथे वाटेत सापडलेल्या तेजस्वी मेसरवरच ती जुळवणी केली. या युक्तीचं मला फार अप्रूप आहे.

जुन्नरचे मामा फोनवर विचारत होते, “अरे, आपल्या खोडदच्या डिश तर ४५ मीटरच्या, मग हे तिथे का नाही होत?” मामा, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश तारांच्या जाळीच्या आहेत. वारा आरपार जातो, म्हणून एवढ्या मोठ्या डिश कमी खर्चात उभ्या राहिल्या, आणि लांब लहरींना ती जाळी पुरते. मेसरची ही लहर जेमतेम ७ मिलिमीटरची. ती जाळीतून निसटते. तिला व्हीएलएसारखा सलग ॲल्युमिनियमचा पृष्ठभागच लागतो.

आता या वेगांवरून ताऱ्यांची विभागणी करता येते: कोणते आकाशगंगेच्या मध्यभागीच्या फुगीर भागातले आणि कोणते त्याच्या अलीकडे, आपल्या बाजूला असलेल्या तबकडीतले. तबकडीतल्यांची चाल बरीचशी एकसारखी, फुगीर भागातल्यांचे वेग खूप विखुरलेले.