महिनाभराचं चालण्याचं चॅलेंज: रानवाटेवर पावलं मोजून भागत नाही

सामूहिक वॉकिंग चॅलेंज म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: रोज किती पावलं? आमच्या गटातही नावं दिल्याबरोबर हाच सूर लागला. महिनाभर ज्याने-त्याने आपल्या सोयीने चालायचं, रात्री आकडा ग्रुपवर टाकायचा आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून जंगलातली एखादी वाट धरायची, एवढंच स्वरूप.

पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. घरातल्या घरात येरझाऱ्या घालून आकडा फुगवणारे यादीत वर, आणि झाडीतून रमतगमत तास-दीड तास चढउतार करणारे तळाला. कुरबुर सुरू झाली तेव्हा आयोजकांनी शहाणपणाने पावलं सोडली आणि मिनिटं धरली. तीही फक्त मोकळ्या निसर्गात चाललेली. मला विचाराल तर चॅलेंज खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं.

तसंही १०,००० पावलांच्या आकड्याला फार देव्हाऱ्यात बसवू नये. १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरमुळे, म्हणजे पावलं मोजायच्या यंत्रामुळे, तो रूढ झाला, डॉक्टरांच्या अभ्यासातून नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका २,७०० पावलंवाल्यांपेक्षा बराच कमी दिसला, आणि ७,५०० च्या आसपास तो फायदा वाढायचा थांबला. जागतिक आरोग्य संघटना तर मोठ्यांसाठी मिनिटांतच सांगते: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल. २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडच्या एका पाहणीत आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत बरी असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. आता तब्येत बरी असणारेच बाहेर पडत असतील, हीही शक्यता आहेच. पण लक्ष्य म्हणून १२० मिनिटं झेपणारी आहेत, आणि ती एका दमात भरा की थोडी थोडी, फरक दिसला नव्हता.

शेवटची मोठी चाल १२ किलोमीटरची होती आणि वाटेत एकूण ४५० मीटरचा चढ. अशा वाटेला किती वेळ लागेल याचा जुना हिशोब विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, वर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्यानुसार आम्हाला तीन तास दहा मिनिटं पुरायला हवी होती. लागले पाच तासांहून जास्त. त्यात कुणाचा दोष नाही. तो हिशोब तंदुरुस्त माणसाचा आणि न थांबता चालण्याचा. मिश्र गट असेल तर सरळ दीडपट-पावणेदोनपट वेळ धरा आणि अंधाराआधी परतायची वेळ त्यावरून ठरवा.

चढाला लागलो तेव्हा आमच्यातले एक काका आपल्या बदलीचा किस्सा रंगवून सांगत होते. "मग साहेब मला म्हणाले..." आणि पुढे नुसता श्वास. साहेब काय म्हणाले ते पार वर पोचल्यावर कळलं. पुढे चालणाऱ्या ताईंनी तिथेच वेग उतरवला. बोलता येतंय पण गाता येत नाही, हा मध्यम श्रमाचा वेग. वाक्य तुटायला लागलं की पाय आवरायचे. घड्याळावर दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांपेक्षा मला ही खूण सोपी वाटते.

गटाने चालताना सगळ्यात मोठा अन्याय होतो तो मागच्यांवर. पुढचे फाट्यावर थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात, आणि शेवटचा माणूस धापा टाकत पोचला की "चला!" म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती नाही. आमच्याकडे दोन नियम केले होते आणि ते कुठल्याही गटाने उचलावेत. एक, शेवटचा पोचल्यापासून पाच मिनिटं मोजायची, मगच निघायचं. दुसरा, सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढच्या माणसाच्या लगेच मागे घ्यायचं. मागे फरपटत येणारी व्यक्ती दुसऱ्या क्रमांकावर आली की आपोआप गटाचा वेग ठरतो, आणि तिला आपण अडचण झालोय असंही वाटत नाही. शेपटाला मात्र वाट माहीत असलेला अनुभवी माणूस हवाच.

दम चढ काढतो, पण पाय उतार मोडतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, म्हणून दुखणं त्या दिवशी नाही, पुढच्या एक ते तीन दिवसांत वर येतं. उताराआधी बुटाची नाडी पुन्हा बांधा, घोट्याजवळच्या सगळ्यात वरच्या भोकातून घट्ट, म्हणजे पाय पुढे सरकून बोटं आपटत नाहीत. नखं आदल्या दिवशी कापलेली बरी. पावलं छोटी टाका. टाच चुरचुरायला लागली की "पुढे बघू" म्हणू नका. तिथेच बसून मोजा काढा, पाय कोरडा करा, चिकटपट्टी लावा. ओला मोजा आणि घासणं एकत्र आलं की फोड आलाच. मोज्यांचा जादा जोड पिशवीत वरच ठेवा.

फोनचं म्हणाल तर दाट झाडीत जीपीएसची रेघ वेडीवाकडी पळते, त्यामुळे एकाच वाटेचे प्रत्येकाचे किलोमीटर वेगळे निघाले. त्यावरून वाद घालू नका. नकाशा आधीच उतरवून घ्या. जीपीएसला मोबाईल नेटवर्कची गरज नसते. रेंज शोधण्यात बॅटरी जाते, तेव्हा फोन एअरप्लेन मोडवर टाका, फक्त एकाचा चालू राहू दे.

उंच गवतातून गेला असाल तर घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत गोचीड बघा. सापडलाच तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. तेल लावणं, चटका देणं असले उपाय नकोत. आणि दुसऱ्या दिवशी पाय जड झाले म्हणून लोळत पडू नका, सपाटीवर वीस मिनिटं सावकाश चाला. जवळपास झाडं असतील तर चॅलेंजमध्ये ती मिनिटंही धरली जातात.