अवघड विषयात बी की सोप्या विषयात ए?

"मुलगी कम्युनिटी कॉलेजला आहे, पुढे यूसीला ट्रान्सफर करायचंय. अवघड विषय घेऊन बी आलेला बरा, की सोपे घेऊन ए?" मी स्वतः कॅलिफोर्नियात याच वाटेने, म्हणजे आधी दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज आणि मग यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), इंजिनिअरिंगला गेलो, त्यामुळे ओळखीतले आईवडील हटकून मलाच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून माझीच ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रिका, उघडतो. फार अभिमानाची नाही.

पहिली सेमिस्टर: कॅल्क्युलस सी, केमिस्ट्री सी, प्रोग्रॅमिंग डब्ल्यू, म्हणजे मध्येच सोडलेलं. जोडीला रात्रीची नोकरी होती. कुणीतरी सांगितलं होतं, अवघड विषय दिसले की कॉलेजवाले खूश होतात. होत असतील, पण सी पाहून नाही. शिवाय सी म्हणजे पास, त्यामुळे ग्रेड सुधारायला तो विषय पुन्हा घेता येत नाही. ती मुभा डी किंवा एफवाल्यांना! ट्रान्सफरला लागतात 60 युनिट, म्हणजे क्रेडिट. त्यांतल्या 10 वर सी पडला, तर उरलेल्या 50 वर सगळीकडे ए आणूनही जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी (ए चे 4, सी चे 2), 3.67 च्या वर जात नाही. हा हिशेब मी नोकरीच्या काउंटरवर बसून पावतीच्या पाठीमागे केला होता.

मग घाबरलो. दुसऱ्या सेमिस्टरला मानसशास्त्र, चित्रपटाचा इतिहास, पोषणशास्त्र. तिन्हीत ए. जीपीए टुणकन वर आला, घरी सगळे खूश. आणि खरी चूक इथेच झाली. आमच्या छोट्या कॉलेजात फिजिक्सचा पहिला भाग वर्षातून एकदाच, स्प्रिंगमध्ये असायचा. तो हुकला. त्याच्याशिवाय दुसरा नाही, दुसऱ्याशिवाय तिसरा नाही. तीन ए मिळाले आणि एक वर्ष गेलं.

म्हणून अवघड-सोपं हा शब्दच मला आता पटत नाही. अर्ज वाचणारा विचारतो ते एवढंच: ज्या मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, येताय, त्याची तयारी झाली आहे का? तुमच्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या यूसीत कशाच्या बदली धरतात, ते असिस्टच्या वेबसाइटवर मेजरनिहाय दिलेलं असतं. इंजिनिअरिंगला कॅल्क्युलसची अख्खी साखळी, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, कॅल्क्युलसवालं फिजिक्स. त्या यादीत नसलेला भारी विषय घेऊन फारसं काही हाती लागत नाही. यादीतला टाळला, तर 3.9 जीपीएसुद्धा इंजिनिअरिंगला लंगडा दिसतो. एसएटी ही प्रवेश परीक्षा यूसी बघतच नाही, त्यामुळे सगळा भार या कागदावर.

किमान जीपीए कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना 2.4, पण तो फक्त अर्ज करण्यापुरता. मागणी असलेल्या मेजरला त्यावर कुणी विसंबू नये. आणि मुलगी एकाच वर्षानंतर एखाद्या खाजगी विद्यापीठात जाणार असेल, तर गणित वेगळं: तिथे बहुतेक ठिकाणी हायस्कूलचे मार्कही उघडून बघतात.

सेमिस्टरला मी दोन जड आणि एक हलका विषय सांगतो. हलके विषयही जनरल एज्युकेशनसाठी, म्हणजे मेजरबाहेरच्या सक्तीच्या विषयांसाठी, लागतातच, फक्त ते एका सेमिस्टरला ढीग करून संपवू नयेत. गाडी रुळावरून घसरतेय असं वाटलं, तर शेवटच्या तारखेआधी डब्ल्यू घ्यावा. एखादा डब्ल्यू खपतो, रांग लागली की प्रश्न येतात.

माझं पुढे काय झालं? दोनऐवजी तीन वर्षांनी यूसीला गेलो. तिथे पोचल्यावर कळलं की युनिट सोबत आली, जीपीए नाही; तो शून्यापासून सुरू. ज्याच्यासाठी पावत्या खरडल्या, तो मागेच राहिला. पहिल्या आठवड्यात फ्लुइड मेकॅनिक्सच्या प्राध्यापिकेने फळ्यावर भलंमोठं इंटिग्रल लिहिलं आणि "हे तुम्हाला येतंच" म्हणत पुढे गेल्या. शेजारचा मुलगा माझ्याकडे बघत होता. मी वहीत उतरवून घेतलं. ते मला येत होतं.