काळ्या कापडातली श्रीमंती

सतराव्या शतकातल्या डच व्यक्तिचित्रांत माणसे बहुधा काळ्या कपड्यांत दिसतात, त्यामुळे ती साध्या राहणीची असावीत, असा माझा कित्येक वर्षे समज होता. रेम्ब्रांटने १६३४ साली रंगवलेल्या मार्टेन सोलमान्स आणि ओप्येन कोपित या तरुण दांपत्याच्या जोडचित्रांनी तो पार पुसून टाकला.

काळा रंग स्वस्तातही मिळत असे. मायफळ आणि हिराकस यांच्या मिश्रणाने कापड काळे होई, पण ते लवकर विटून तपकिरी पडे आणि विरतही असे. गडद, टिकाऊ काळ्यासाठी कापड आधी निळीसारख्या रंगात बुडवावे लागे, मग त्यावर मंजिष्ठेसारख्या लाल रंगाचे हात द्यावे लागत. एवढा खर्च ज्याला झेपे, त्याच्याच अंगावर तसे काळे कापड दिसे, आणि हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नसे.

आता मी ही चित्रे पाहताना चेहऱ्यांच्या आधी मार्टेनच्या पायांकडे पाहते. गुडघ्याखाली मोज्यांना बांधलेले लेसचे झुबके आणि बुटांवरची फुलासारखी भलीमोठी सजावट यांचा चालण्यासाठी काडीचा उपयोग नाही, आणि नेमके तेच त्यांचे मोल आहे. ओप्येनच्या गळ्यात मोती आहेत, हातात काळ्या पिसांचा पंखा आहे. दोघांच्या कॉलरची लेस रेम्ब्रांटने धागा धागा काढलेली नाही. पांढऱ्या रंगावर काळे ठिपके देऊन त्याने तिची जाळी उमटवली आहे, आणि जरा मागे सरकून पाहिले की ते ठिपके खरीखुरी भोके होतात. हे कसब पाहताना माझे मन अजूनही भरत नाही.

माणसाच्या उंचीची, नखशिखान्त चित्रे हा मुख्यतः राजेरजवाड्यांचा मान होता. व्यापारी सहसा छातीपर्यंतच्या चित्रावर समाधान मानत. मार्टेनचे वडील तर अँटवर्पहून अ‍ॅमस्टरडॅमला आलेले, साखर शुद्ध करण्याच्या धंद्यातले गृहस्थ, आणि तरीही मुलाचे चित्र दोन मीटरच्या घरातले. त्या काळी अ‍ॅमस्टरडॅमला येणारी साखर बव्हंशी ब्राझीलच्या मळ्यांत गुलामांनी पिकवलेली असे. २०१६ साली नेदरलँड्स आणि फ्रान्स यांनी मिळून ही जोडी १६ कोटी युरोंना विकत घेतली, आणि २०२१ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने गुलामगिरीवर प्रदर्शन भरवले, तेव्हा ज्या दहा व्यक्तींच्या आयुष्यांतून तो इतिहास सांगितला गेला, त्यांत ओप्येन होती.