मी मयत होतो तेव्हा

जुलै 2025 चे पैसे खात्यात आले नाहीत तेव्हा मी मनावर घेतलं नाही. संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार कधी वेळेवर येतात, कधी दोन महिन्यांचे एकदम. त्यात मासेमारी बंदीचे दिवस. 1 जून ते 31 जुलै होड्या वर ओढलेल्या, अख्ख्या वाडीचाच खिसा रिकामा. मी पूर्वी खलाशी. जाळ्याचा दोर आवळला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. दाखल्यावर 60 टक्के अपंगत्व आहे, योजनेला 40 पुरतात.

ऑगस्टही कोरडा गेला. बँकेत आधार जोडलेलं होतं, पैसे वरूनच सुटत नव्हते. मग तहसील. कॉम्प्युटरवरच्या पोराने नाव टाकलं, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काका, तुम्ही इथे मयत दाखवताय."

मला हसूच आलं. त्यालाही आलं.

आमच्या वाडीत माझ्या नावाआडनावाचे तिघे. लोक आम्हाला घरावरून ओळखतात: वरच्या घरातला, विहिरीकडचा. विहिरीकडचा मे महिन्यात वारला. त्याच्या बाराव्याला मी जेवून आलोय. बापाचं नाव वेगळं, पण ते वाचणार कोण?

"हयातीचा दाखला आणा." आणला. "तलाठ्यांचा पंचनामा लागेल." तोही आणला. पुढच्या खेपेला टेबलावर माणूस वेगळा आणि माझे कागद गायब. पोच घेतली नव्हती, ती चूक माझी.

घरी काय चाललं होतं ते सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. बायको पहाटे जेटीवर कोळंबी सोलायला जायची, बोटं सोलपटून यायची. बीपीची गोळी मी एक दिवसाआड घ्यायला लागलो, तिला न सांगता. गणपती उधारीवर आणला. कुबडीच्या टोकाचं रबर झिजून गेलं, नवीन घ्यायचं म्हणजे तालुक्याला जा. ओल्या जांभ्यावर दोनदा घसरलो. शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा टोकाला गुंडाळून सुतळीने बांधला. दर चार दिवसांनी तो सुटायचा.

सप्टेंबरात पुतण्या मुंबईहून आला होता. तो म्हणाला, "काका, विनंती पुरे झाली. आता प्रश्न विचारा." दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात एकच ओळ मागितली: मला कोणत्या मृत्यू नोंदीच्या आधारे मयत ठरवलं, तिची प्रत द्यावी. या वेळी शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. कायद्याने उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. सव्विसाव्या दिवशी फोन आला, "काका, कशाला एवढं लांबवलंत? येऊन जा."

लांबवलं मी!

गेलो तर कागद समोरच. नोंद विहिरीकडच्याची, वडिलांचं नाव स्वच्छ लिहिलेलं. पाच मिनिटांत सगळ्यांना पटलं. ऑक्टोबरपासून दिव्यांगांचे दीड हजाराचे अडीच हजार झाले, तेव्हा मी यादीत मेलेलाच होतो. डिसेंबरात पहिले अडीच हजार पडले. निम्मे वाण्याला दिले, आधी कुबडीचं रबर घेतलं.

जुलै ते नोव्हेंबरचा फरक अजून बाकी आहे. त्याचा वेगळा अर्ज दिलाय. वाण्याला आवक नंबर दाखवला तर म्हणाला, "थांबा, माझ्याही वहीत लिहून ठेवतो." लिहिलान, माझ्या उधारीच्या पानावर, सगळ्यात वर.