हा माल आपल्याकडे नाही

ताईंचा फोन आला तेव्हा त्या मनातून फार दुखावलेल्या होत्या. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये त्यांची पेढी आहे. मिरची, हळद, धणे. वडिलांनी उभी केलेली. परदेशी माल पाठवायचं काम आता ताई बघतात. आदल्या दिवशी दुबईच्या एका नव्या खरेदीदाराशी व्हिडिओ कॉल चालू होता. दराचं बोलणं रंगात आलं असताना खरेदीदार म्हणाला, तुमच्या वेबसाइटवर ते मोठं गोदाम आहे ना, उंच रॅकचं, फोर्कलिफ्टवालं, ते जरा दाखवा.

गाळ्यात फोर्कलिफ्ट कुठून येणार? तिथं माल माथाडींच्या पाठीवरून चढतो, पाठीवरून उतरतो. वेबसाइट करणाऱ्याने तो फोटो नेटवरून उचलून लावला होता. ताईंनी मग शोधून पाहिलं, तर तेच गोदाम आणखी चार कंपन्यांच्या पानांवर ‘आमचे गोदाम’ म्हणून उभं होतं. खरेदीदार वाकडं काही बोलला नाही. ‘नंतर बोलू’ म्हणाला आणि फोन ठेवला.

“दादा, आमचं जे आहे ना, तेच काढा,” ताई म्हणाल्या. वीस वर्षं मी फोटो काढायचं काम करतोय, पण गिऱ्हाईक इतक्या स्वच्छ शब्दांत काम सांगत नाही.

मार्चचा दुसरा आठवडा होता. ठाण्याहून सकाळची वाशी लोकल धरली आणि तुर्भ्याला उतरलो. मिरचीचा हंगाम, त्यातून घरोघरी वर्षाचा मसाला करायचे दिवस. मार्केटच्या गल्लीत शिरलं की आधी घसा सांगतो आपण कुठं आलोय. अशा ठिकाणी मी लेन्स बदलतच नाही. मिरचीची धूळ आत सेन्सरवर बसली तर प्रत्येक फोटोत डाग. दोन कॅमेरे, दोघांवर एकेक लेन्स, तोंडाला मास्क.

आत एलईडीच्या पट्ट्या होत्या. आपली वीज ५० हर्ट्झची. साध्या, स्वस्त पट्ट्या त्यामुळे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर १/२५० सेकंदावर ठेवलं की फोटोत काळे आडवे पट्टे उमटतात. म्हणून रचलेल्या पोत्यांचे फोटो ट्रायपॉडवर, १/५० ला काढले. माणसं मात्र तेवढ्या संथ शटरला धरता येत नाहीत. चालती पावलं पुसट होतात. माणसं दारात घ्यायची ठरवली. समोरच्या गाळ्यांच्या भिंतीवर ऊन पडतं आणि तिथून परतून आपल्या दारात येतं. दहा ते साडेअकरा इतका मऊ उजेड तिथं मिळाला, की एकही लाइट लावावा लागला नाही.

माथाडी टोळीच्या मुकादमांना आधी विचारलं. कुणाच्या पाठीवर ओझं असताना न विचारता कॅमेरा रोखणं मला कधीच बरं वाटलेलं नाही. टोळी पाटणकडची. एक मामा, वय पन्नाशीच्या पुढे, म्हणाले, “काढा. पण खाली बघताना काढू नका.” ५० किलोची हळदीची गोणी पाठीवर असताना मान वर राहत नाही. तरी उंबऱ्यावर पाय ठेवताना ते क्षणभर थांबायचे, समोर बघायचे. तो क्षण मी सात फेऱ्यांनंतर पकडला. त्यांना एकदाही जादा फेरी मारायला लावली नाही. गाडी उतरतच होती, मी फक्त थांबून राहिलो.

खरी कसोटी लागली ती मिरचीच्या फोटोंना. लाल रंगाने कॅमेरा फसतो. फ्रेमभर मिरची असली की ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप सावरणारी कॅमेऱ्यातली सोय, तो लाल मारायला बघतो, आणि ब्याडगी विटकरी दिसू लागते. उलट उजेड थोडा जास्त झाला, की कॅमेऱ्यातली लाल रंगाची नोंद भरून वाहते. ब्याडगीच्या सालीला सुरकुत्या असतात, तीच तिची ओळख. त्या सगळ्या पुसल्या जाऊन मिरची प्लॅस्टिकची वाटते. म्हणून रंगाचं माप म्हणून पोत्याशेजारी राखाडी कार्ड ठेवून पहिला फोटो घेतला आणि पुढचे सगळे हिस्टोग्राममधली, म्हणजे उजेडाच्या आलेखातली, लाल रेघ बघत थोडे अंधारे काढले.

दुपारी पेढीवर लॅपटॉप उघडला. ताईंनी दोन-चार फोटो पाहिले आणि म्हणाल्या, “छान आहेत. पण बाकीच्यांच्या साइटवर मिरची कशी लालभडक असते. जरा वाढवता का?”

वाढवली. एका बोटाचं काम. गाळ्यातली दोन-तीन मंडळी मागे उभी होती, सगळ्यांना आवडली. मलाही वाईट वाटली नाही, हे इथं लिहिलंच पाहिजे.

कोपऱ्यात मेहताजी हिशेब लिहीत होते. बाजार मुंबईत मस्जिद बंदरला होता तेव्हापासून ते या पेढीवर आहेत. ते उठले, पोत्यातून मूठभर मिरची घेतली आणि दारात जाऊन उभे राहिले. “फोटोवाले, ते मशीन इकडं आणा.”

लॅपटॉप घेऊन गेलो. त्यांनी तळहात पडद्याच्या कडेला धरला. तळहातावरचा लाल खोल होता, थोडा जांभळटाकडे झुकणारा. पडद्यावरचा नुसता पेटलेला.

“हा माल आपल्याकडे नाही,” मेहताजी म्हणाले. “मिरची रंगावर विकली जाते, ताई. हा रंग बघून ज्यानं ऑर्डर दिली, त्याला पोतं फोडल्यावर काय सांगणार?”

कुणी काही बोललं नाही. मी रंग होता तिथं आणून ठेवला. मग मेहताजींनाच बसवलं, आणि तासभर आम्ही एकेक फोटो दारातल्या उजेडात त्या मुठीशी ताडून पाहिला. मिरची ते दारातच तपासतात, आतल्या ट्यूबखाली कधीच नाही. मी जे राखाडी कार्डाने करतो ते हा माणूस तळहाताने करत आला होता. एका फोटोच्या कडेला फिकट, पांढुरक्या मिरचीचं पोतं आलं होतं. ते मी कापायला निघालो. “राहू द्या,” ते म्हणाले. “फटकी आहे. तीही आपलीच.”

ताईंनी विचारलं, उद्या हे फोटोही कुणी उचलले तर? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काम सांगणाऱ्याची असते. तरी मी बिलावर तसं स्पष्ट लिहून दिलं आणि कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाइल्सही दिल्या. नेटवरून फोटो उचलणाऱ्याकडे त्या नसतात.

तीन आठवड्यांनी मामांच्या फोटोची मोठी प्रत द्यायला पुन्हा गेलो. त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, गावी न्यायची म्हणाले. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. तोच खरेदीदार. ताईंनी कॅमेरा फिरवला: तोच उंबरा, तीच पोती, आणि मेहताजी न सांगताच मूठ भरून दारात उभे.

पलीकडचा माणूस थोडा वेळ नुसता बघत राहिला. मग हिंदीत म्हणाला, “फोटोत बाजूला ते फिकं पोतं होतं, ते कोणतं?”

“फटकी,” मेहताजी म्हणाले. “उसका भाव अलग है.”

“दोनों का बताइए,” तो म्हणाला. ताईंनी वही ओढली.